चावडीतली 1914 च्या महायुद्धाची पाटी, नावं कुठे सापडतील?

खेडकर_मुंबईकर: गावची जुनी चावडी पाडायला काढलीय. आत भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे, लहानपणापासून बघतोय पण तिच्यावर कायम कॅलेंडर टांगलेलं, त्यामुळे कधी वाचलीच नाही. इंग्रजीत आहे, या गावातून इतकी माणसं 1914-1919 च्या महायुद्धाला गेली, पैकी इतक्यांनी प्राण दिले, बस. आकडे ऑइलपेंटखाली गेलेत आणि नाव एकही नाही. आजी सांगायची तिचा चुलत आजा बसऱ्याला (इराकात) गेला तो आलाच नाही, पण नाव घरात कुणालाच ठाऊक नाही. कसं शोधायचं?

सातारी_तडका: आधी पाटी काढून देवळात नेऊन ठेवा, ठेकेदाराचा काय भरवसा, डबरात जाईल. आणि रंग काढायला अ‍ॅसिड लावू नका, संगमरवर खातं ते. रात्री टॉर्च आडवा धरून फोटो काढा, कोरलेले आकडे सावलीत उठून दिसतात. अशा पाट्या इंग्रजांनी युद्धानंतर गावोगाव बसवल्या, मजकूर तोच, आकडा फक्त वेगळा. आमच्याकडच्या अपशिंग्यातले तर 46 जण मेले त्या युद्धात.

जुनी_कागदं: कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन, म्हणजे महायुद्धांत मेलेल्या सैनिकांच्या कबरी नि स्मारकांची नोंद ठेवणारी संस्था, तिच्या साइटवर शोधा. आडनावाने जाऊ नका, स्पेलिंगची पार वाट लावलेली असते, त्यापेक्षा जादा माहितीच्या रकान्यात गाव नाहीतर तालुका टाका, बऱ्याच नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा असतं. स्पेलिंग चार प्रकारे करून बघा. बसऱ्याचं म्हणाल तर 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी इराकातल्याच कुत गावी तुर्कांच्या वेढ्यात होत्या, 29 एप्रिल 1916 ला शरणागती झाली आणि कैदेत बरेच मेले. बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्यांची नावं आहेत, आपल्या साध्या शिपायांचा मात्र पलटणीगणिक नुसता आकडा, म्हणजे तुमच्या चावडीसारखंच. आणि फक्त मराठा पलटणीच बघू नका, 111 महार पलटण 1917 ला उभी केली नि 1921 ला मोडली.

रोखठोक: इंग्रजांसाठी लढले ना, मग आपण कशाला जपायचं?

सातारी_तडका: अहो इंग्रजांना कोण जपतंय, गावातली पोरं होती, पगारासाठी गेली.

खेडकर_मुंबईकर: पाटी देवळाच्या पडवीत आणली. टॉर्चने प्राण दिलेल्यांचा आकडा लागला, 3 आहे. साइटवर गावातल्या दोघांची नावं मिळाली, एकाच्या बापाचं नाव आमच्या खापरपणजोबांच्या भावाचंच आहे पण तो बसऱ्याचा नाही, फ्रान्समधला. तिसरा अजून सापडत नाहीये, गावाचं स्पेलिंग आणखी कसं करत असतील?

जुनी_कागदं: शेवटचा ए काढून बघा, आणि व्ही च्या जागी डब्ल्यू.