वेलिंग्टन लढाईपेक्षा पार्लमेंटमध्ये मोठा होता (माझं मत, पटत नसेल तर बोला)

गोदाकाठ:
आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, याचं नाव निघालं की आपल्याकडे असईची लढाई आणि बाकी जगात नेपोलियनला हरवलं ती वॉटर्लूची, संपला विषय. माझं म्हणणं असं की तो लढवय्या म्हणून मोठा होताच, पण त्याची खरी कसोटी पंतप्रधान झाल्यावर लागली आणि तिथे तो जास्त मोठा ठरला. १८२८ ला तो ब्रिटनचा पंतप्रधान झाला तेव्हा कॅथलिक माणसाला पार्लमेंटमध्ये बसायची सोय नव्हती. त्याच वर्षी आयर्लंडमधल्या क्लेअरमधून डॅनियल ओकॉनेल निवडून आला, तो कॅथलिक, त्यामुळे लोकांनी निवडून दिलं तरी शपथेचे शब्दच असे की त्याला आत जाता येईना. आयर्लंड पेटायच्या बेतात होतं. आणि वेलिंग्टन स्वतः आयुष्यभर असल्या सवलतींच्या विरोधातला, पक्षातली निम्मी मंडळी विरोधात, राजा चौथा जॉर्ज तर हट्टालाच बसलेला. तरी यादवी होऊ द्यायची नाही म्हणून त्याने सत्ता सोडायची तयारी दाखवून राजाला वाकवलं आणि १८२९ ला कॅथलिकांना पार्लमेंट खुलं करणारा कायदा करून घेतला. लॉर्ड विंचिल्सीने त्याच्या हेतूवर जाहीर शंका घेतली तर पंतप्रधान असताना बॅटरसीच्या मैदानात पिस्तूल घेऊन उभा राहिला! (विंचिल्सीने हवेत गोळी झाडली आणि मग लेखी माफी दिली.) स्वतःचं मत बाजूला ठेवून देश वाचवणं याला मी वॉटर्लूपेक्षा वरचं मानतो.

कृष्णाकाठची:
दादा, तुम्ही १८२९ वर थांबलात, पुढचं वर्ष का नाही सांगितलं? नोव्हेंबर १८३० मध्ये हाच माणूस लॉर्ड्सच्या, म्हणजे पार्लमेंटच्या वरच्या, सभागृहात उभा राहून सांगतो की आत्ताची मतदानाची पद्धत इतकी उत्तम आहे की तिच्यात काहीही बदल करायची गरज नाही. तेव्हाची पद्धत काय होती तर मँचेस्टरसारख्या वाढत्या शहराला स्वतःचा खासदार नाही आणि ओल्ड सॅरमसारख्या ओसाड टेकडीला दोन! दोन आठवड्यांत सरकार पडलं. १८३३ ला ज्यूंना पार्लमेंट खुलं करायचं बिल आलं तर त्यालाही विरोध. म्हणजे आयर्लंड पेटायची भीती होती म्हणून कॅथलिकांना हक्क, आणि ज्यूंची कुणाला भीती नव्हती म्हणून त्यांना नाही. याला मोठेपण म्हणायचं असेल तर म्हणा, मला तरी तो घाबरल्यावरच हलणारा माणूस दिसतो.

गोदाकाठ:
ताई, १८३० चं भाषण चुकीचंच होतं, त्याचं मी समर्थन करत नाही. पण १८३२ चा मे महिना पण बघा ना. राजाने सरकार बनवायला बोलावलं, जमलं नाही, तर हट्ट धरून बसला नाही, आपल्या गटाच्या लॉर्ड्सना घेऊन विरोधातून बाजूला झाला म्हणून मतदानाची पद्धत सुधारणारं रिफॉर्म बिल पास झालं. त्याच्या आधीच्या एप्रिलमध्ये, १८३१ ला, जमावाने त्याच्या ॲप्सली हाउसच्या काचा फोडल्या तेव्हा घरात त्याच्या बायकोचा मृतदेह होता. मनात राग धरायला एवढं कारण असून त्याने देशाला अडवून धरलं नाही. १८४६ ला पण तेच, धान्यावरच्या आयात कराचे कायदे त्याला स्वतःला ठीक वाटत होते, तरी तेव्हाचा पंतप्रधान पील याचं सरकार टिकावं म्हणून ते रद्द करणारं बिल लॉर्ड्समधून त्यानेच पार पाडलं.

डोंगरवाट:
मला एक कळत नाही, आपण याला इतकं गुणी का ठरवतोय. वयाच्या २४ व्या वर्षी ३३ व्या पलटणीचा लेफ्टनंट कर्नल झाला तो मोठ्या भावाच्या पैशावर, कारण तेव्हा हुद्दे विकत मिळायचे. मग १७९८ ला तोच भाऊ रिचर्ड गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला आला. १७९९ ला श्रीरंगपट्टणच्या तटावर हल्ला नेला बेअर्ड या इंग्रज अधिकाऱ्याने, जो टिपूच्या घराण्याच्या कैदेत तिथेच वर्षानुवर्षं सडला होता, आणि शहराचा कारभार मिळाला कुणाला तर गव्हर्नर जनरलच्या भावाला. बेअर्ड चिडला होता आणि बरोबर चिडला होता. आणि पुढे सेनेचा प्रमुख झाल्यावर हुद्देविक्री बंद करायला आणि सैनिकांचे फटके बंद करायला विरोध करणारा पण हाच.

रानमाळ:
वशिला होता, मान्य, पण असईला नदी कुठे ओलांडायची ते काही रिचर्डने कलकत्त्याहून कळवलं नव्हतं. आम्ही जालन्याकडचे, म्हणून सांगतो. २३ सप्टेंबर १८०३. समोर शिंदे-भोसल्यांची प्रचंड फौज, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात. वाटाडे सांगतात उतार नाही. याने दुर्बिणीतून पाहिलं तर दोन काठांवर समोरासमोर दोन गावं, म्हणजे माणसांची ये-जा असणार, म्हणजे उतार असणारच, आणि निघाला. मदतीला येणारी स्टीव्हन्सनची इंग्रज तुकडी यायची वाट पण बघितली नाही. त्याच्या फौजेतली दीड हजारावर माणसं मेली नाहीतर जखमी झाली, त्याचा घोडा डायोमेड भाल्याने जखमी. शिंद्यांच्या गोलंदाजांनी तोफा शेवटपर्यंत सोडल्या नाहीत, म्हातारपणी त्याला सर्वात चांगली लढाई कुठली विचारलं तर वॉटर्लू नाही, असईच म्हणाला. हा मान आपल्या गोलंदाजांचा पण आहे असं मला मनापासून वाटतं.

कृष्णाकाठची:
गोलंदाजांचा मान हजार वेळा मान्य. पण रानमाळ, त्या दिवशी मराठी घोडेस्वार इंग्रजांकडून पण उभे होते, पेशव्याचे. ३१ डिसेंबर १८०२ ला बाजीरावाने वसईला इंग्रजांशी केलेल्या तहावर सही केली, होळकर त्या वर्षीच्या युद्धात उतरलेच नाहीत, आणि शिंद्यांचे इंग्रज अधिकारी कंपनीने आमिष दाखवल्यावर ऐन वेळी नोकरी सोडून गेले. असई अर्धी त्याआधीच हरली होती.

रानमाळ:
हे पूर्ण पटतं, आणि म्हणूनच राग येतो. असईनंतर आडगाव, मग गाविलगड, आणि डिसेंबर संपायच्या आत देवगावला भोसल्यांचा तह, सुर्जी अंजनगावला शिंद्यांचा. तीन महिन्यांत खेळ संपला.

डोंगरवाट:
आणि स्पेनमध्ये १८१२ ला फ्रेंचांकडून बादाहोज घेतल्यावर त्याच्या सैनिकांनी गावात जी लूट आणि बलात्कार केले ते? ते लोक तर दोस्तराष्ट्राचे होते, फ्रेंच नव्हते. सेनापतीला आपली फौज कित्येक दिवस आवरता आली नाही. १८१३ च्या पत्रात सैनिकांना समाजाचा गाळ म्हणणारा पण तोच. गाळ म्हणायचं आणि त्यांच्याच जिवावर ड्यूक व्हायचं, हे मला नाही पचत.

गोदाकाठ:
बादाहोजचं काहीच समर्थन नाही. पण तुम्ही सगळे मिळून १८२९ ला उत्तर दिलेलं नाहीये. भीतीपोटी असेल, पण त्या भीतीने राजाच्या विरोधात, पक्षाच्या विरोधात, स्वतःच्या जन्मभराच्या मताविरोधात उभं राहिलेले किती पंतप्रधान सांगता येतील?

कृष्णाकाठची:
पील. १८४६. आणि त्यात त्याची खुर्ची गेली, पक्ष पण फुटला.

गोदाकाठ:
आणि लॉर्ड्समध्ये त्याच्या बाजूने उभा कोण होता ताई?