मदत हवी आहे : डोंगरातल्या तळ्याकाठच्या सार्वजनिक कॅम्पग्राउंडवर तंबूची जागा कोणती घ्यावी?

नमस्कार.

उन्हाळा सरत असताना डोंगरातल्या एका तळ्याकाठच्या सार्वजनिक कॅम्पग्राउंडवर काही रात्री तंबूत राहण्याचा आमचा बेत ठरला आहे. सोबत माझी सत्तरी ओलांडलेली आई आणि दहा वर्षांचा मुलगा आहे, म्हणून आरक्षण पक्के करण्यापूर्वी जाणकारांचा सल्ला घ्यावा असे वाटले. तळे समुद्रसपाटीपासून सुमारे २,७०० मीटर उंचीवर आहे. गाडी तंबूच्या जागेपर्यंत जाते. प्रत्येक जागेला क्रमांक, टेबल, शेकोटीसाठी लोखंडी कडे आणि खाण्याचे जिन्नस ठेवण्यासाठी जाड पत्र्याची पेटी आहे. संडास आहेत, वीज नाही, आणि पाण्याचा नळ हंगामाच्या शेवटी पाइप गोठू नयेत म्हणून बंद केला जातो, असे नियमावलीत लिहिले आहे.

आमच्या तारखांना तीन जागा शिल्लक आहेत. पहिली अगदी पाण्यालगत आहे. तिथे मऊ गवत आहे, समोर सगळे तळे दिसते, पण नकाशावरच्या समोच्च रेषा पाहिल्या तर दोन्ही बाजूंचे उतार नेमके तिथेच येऊन मिळतात. दुसरी जागा वरच्या अंगाला, पाण्यापासून वीसेक मीटर उंचीवर, झाडांच्या कडेला आहे. तिसरी नळ आणि संडास यांच्याजवळ आहे आणि तिथून सतत ये-जा चालू राहील असे दिसते. मुलाला अर्थातच पाण्यालगतची जागा हवी आहे, आणि खरे सांगायचे तर मलाही तीच आवडली आहे. आईला रात्री एक-दोनदा उठावे लागते, त्यामुळे तिच्या दृष्टीने संडासाचे अंतर महत्त्वाचे आहे. ती स्वतः मात्र कशालाच नाही म्हणत नाही, आणि त्यामुळेच निर्णयाची जबाबदारी माझ्यावर येते.

माझा गोंधळ थंडीवरून झाला आहे. एकीकडे असे वाचले की रात्री थंड हवा उतारावरून खाली वाहते आणि खोलगट भागात साचते. दुसरीकडे असेही वाचले की पाणी दिवसभराची ऊब धरून ठेवते, म्हणून तळ्याकाठी गारठा कमी असतो. दोन्ही गोष्टी पटण्यासारख्या आहेत. मग प्रत्यक्षात यांपैकी कोणती वरचढ ठरते?

याच्याच पोटात दुसरा प्रश्न आहे. तळ्याचा स्वतंत्र हवामान अंदाज मिळत नाही. पायथ्याच्या गावाचा मिळतो. ते गाव ९०० मीटर उंचीवर आहे आणि तिथले रात्रीचे किमान तापमान त्या दिवसांत साधारण १४ अंश सेल्सिअस असते. दर हजार मीटरला साडेसहा अंश या सर्वमान्य हिशेबाने १,८०० मीटरच्या फरकासाठी सुमारे १२ अंश वजा केले, तर तळ्याकाठी २ अंश उरतात. या आकड्यावर विसंबून तयारी करणे योग्य आहे का? आमच्या स्लीपिंग बॅगांच्या लेबलवर ‘कम्फर्ट’ ५ अंश आणि ‘लिमिट’ शून्य अंश असे दोन आकडे आहेत. आईसाठी यांपैकी कोणता आकडा धरावा, आणि बॅग बदलावी की खालची मॅट अधिक चांगली घ्यावी?

याशिवाय, पायथ्यापासून वरपर्यंत एकाच दिवसात गाडीने जाणे आईला झेपेल का, आणि नळ बंद असेल तर तळ्याचे पाणी नुसते उकळून प्यायला चालेल का, हेही कृपया सांगावे. आईला सौम्य रक्तदाब आहे आणि त्यासाठीची गोळी ती नियमित घेते.

प्रतिसाद १

प्रश्न नीट माहितीनिशी मांडल्याबद्दल आभार. त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले.

तुम्ही वाचलेल्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. फरक तळ्याच्या आकाराचा आणि जमिनीच्या ठेवणीचा आहे. मोठे आणि खोल तळे उन्हाळ्याच्या अखेरीस खरोखरच आजूबाजूची हवा थोडी सौम्य ठेवते. परंतु डोंगराच्या कुशीतल्या लहान तळ्याच्या बाबतीत, आकाश निरभ्र असेल आणि वारा पडलेला असेल, तर उतारावरून घसरणारी थंड हवा ही ऊब सहज झाकोळून टाकते. सूर्य मावळला की जमीन आपली उष्णता आकाशात सोडू लागते, तिला लागून असलेली हवा गार आणि जड होते आणि पाण्यासारखीच सर्वांत खालची जागा शोधत जाते. तुमच्या नकाशावर दोन उतार पहिल्या जागेपाशी मिळतात, म्हणजे ही हवा नेमकी तिथे जमा होणार. अशा ठिकाणी पहाटे खालच्या गवतावर पांढरे हिम पडलेले असते आणि वीस मीटर वरच्या झाडांच्या कडेला नुसते दव असते, इतका फरक पडू शकतो.

तुमच्या हिशेबातली मेखही इथेच आहे. साडेसहा अंशांचा दर हा वातावरणाचा सरासरी दर आहे. दिवसा, ढगाळ हवेत किंवा वारा वाहत असताना तो बऱ्यापैकी लागू पडतो, पण शांत, स्वच्छ रात्री खोलगट भागात उलटाच प्रकार होतो : खालची हवा वरच्या हवेपेक्षा थंड असते. म्हणून तुम्ही काढलेले २ अंश हे झाडांच्या कडेच्या जागेसाठी ठीक मानावेत आणि पाण्यालगतच्या जागेसाठी शून्याखाली दोन-तीन अंशांपर्यंतची तयारी ठेवावी.

पाण्यालगत आणखी एक त्रास असतो, आणि माझ्या मते तो थंडीपेक्षाही वाईट आहे. तो म्हणजे ओल. तळ्यावरची हवा दमट असते, त्यात तंबूतल्या तिघांच्या श्वासाची वाफ मिसळते आणि पहाटेपर्यंत तंबूच्या आच्छादनाच्या आतल्या बाजूला शिवणीच्या रेषेत थेंब धरतात. कोणी कूस बदलली आणि कोपर कापडाला लागले की ते सगळे थेंब एकदम स्लीपिंग बॅगेवर पडतात. बॅगेत पिसे भरलेली असतील तर ओली झाल्यावर ती फुलत नाहीत, आणि न फुललेली बॅग ऊब देत नाही. लोक थंडी वाजते म्हणून तंबूच्या खिडक्या बंद करतात आणि त्यामुळे ओल आणखी वाढते. वरच्या खिडक्या थोड्या उघड्याच ठेवाव्यात. ओले मोजे आणि टॉवेलही आत वाळत घालू नयेत. ते गाडीत ठेवावेत.

बॅगेवरच्या आकड्यांविषयी : हे आकडे ठरावीक मानकानुसार, गरम केलेला पुतळा बॅगेत ठेवून मोजलेले असतात. ‘कम्फर्ट’ म्हणजे ज्या तापमानाला सामान्य स्त्री अंग सैल सोडून स्वस्थ झोपू शकेल ते, आणि ‘लिमिट’ म्हणजे ज्या तापमानाला सामान्य पुरुष अंग आखडून घेऊन कशीबशी रात्र काढील ते. तुमच्या आईंसाठी ‘कम्फर्ट’चाच आकडा धरावा, आणि वयामुळे त्यातही चार-पाच अंशांची सवलत ठेवावी. म्हणजे २ अंशांच्या रात्रीसाठी त्यांना ‘कम्फर्ट’ शून्याखाली दोन-तीन अंश किंवा त्याहून खालची बॅग घ्यायला हवी. मुलाला आणि तुम्हाला आहेत त्या बॅगा उबदार कपड्यांसह पुरतील.

मात्र बॅग बदलण्याआधी मॅटकडे पाहा. अंगाखालची बॅग वजनाने दबते आणि तिच्यातली हवा निघून जाते, त्यामुळे जमिनीचा गारवा अडवण्याचे काम जवळजवळ संपूर्ण मॅटवर येते. मॅटवर ‘आर-व्हॅल्यू’ लिहिलेली असते. आकडा जितका मोठा तितका गारवा कमी. गोठणबिंदूच्या आसपास ४ च्या पुढची मॅट असावी असे मी सुचवीन. सोयीची गोष्ट अशी की दोन मॅट एकावर एक ठेवल्या तर त्यांच्या आकड्यांची बेरीज होते. २ ची साधी फोमची मॅट खाली आणि ३ ची फुगवण्याची मॅट वर ठेवली की ५ झाले. गाडी जवळच असल्यामुळे वजनाची चिंता नाही, तेव्हा आईंसाठी हेच करावे.

माझे मत स्पष्ट आहे : दुसरी जागा घ्यावी आणि दिवसभर खुशाल पाण्याकाठी बसावे. जागा पक्की करताना वर वाळलेल्या, लटकत्या फांद्या नाहीत ना, एवढे मात्र मान वर करून पाहावे. एक ताकीदही द्यावीशी वाटते. थंडी कितीही वाजली तरी तंबूत स्टोव्ह किंवा निखारे नेऊ नयेत; कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेत ते कळतही नाही.

प्रतिसाद २

जागेबद्दल वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे. उंचीविषयी आणि पाण्याविषयी थोडी भर घालतो.

विरळ हवेचा त्रास साधारण २,५०० मीटरच्या पुढे, मुक्कामाच्या पहिल्याच दिवशी किंवा रात्री जाणवू लागतो. तुमचे तळे या मर्यादेच्या थोडेसेच वर आहे. नुसते वय हे या त्रासाचे कारण नसते. तरुण आणि धडधाकट माणसांनाही तो होतो. हृदयाचा किंवा फुप्फुसांचा जुना विकार असेल तर मात्र गोष्ट वेगळी. रक्तदाब उंचीवर सुरुवातीला थोडा वाढू शकतो, म्हणून आईंच्या डॉक्टरांना आधी विचारावे आणि गोळी आपल्या मनाने कमी-जास्त करू नये. वाटेत १,५०० ते २,००० मीटरच्या दरम्यान एक रात्र काढता आली तर फार बरे होईल. वर पोहोचल्यावर पहिला दिवस सावकाश घालवावा. डोके दुखणे, मळमळ, अन्नावरची वासना जाणे ही लक्षणे दिसली तर आणखी वर फिरायला जाऊ नये, आणि विश्रांती घेऊनही ती वाढत असतील तर रात्र असली तरी गाडी काढून खाली उतरावे. चालताना तोल जाणे, बोलण्यात गोंधळ होणे किंवा बसल्या जागी धाप लागणे ही तातडीची लक्षणे आहेत. त्यात सकाळची वाट पाहू नये.

पाणी उकळून प्यायला चालते. २,७०० मीटरवर पाणी ९१ अंशांच्या आसपासच उकळते, पण रोगजंतू मरायला तेवढी उष्णता पुरते. फक्त खळाखळा उकळी आल्यावर तीन मिनिटे ठेवावे. क्लोरीनच्या गोळ्यांवर एकट्या विसंबू नये, कारण क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी त्यांना दाद देत नाही. गाळणी वापरणार असाल, तर आत पोकळ तंतू असलेली गाळणी एकदा वापरल्यावर गोठली की निकामी होते आणि वरून पाहून ते ओळखता येत नाही. रात्री ती स्लीपिंग बॅगेत घेऊनच झोपावे.

उकळण्यावरून स्टोव्हचा मुद्दा आलाच. साध्या ब्यूटेनचा उत्कलनबिंदू शून्याखाली अर्धा अंश आहे, त्यामुळे पहाटेच्या गारठ्यात त्याचा डबा भरलेला असूनही ज्योत मिणमिणते. आयसोब्यूटेन आणि प्रोपेन यांचे मिश्रण असलेला डबा घ्यावा.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट मुलासाठी सांगतो. वितळलेल्या बर्फावर पोसलेल्या तळ्याचा पृष्ठभाग उन्हाने कोमट लागला तरी हातभर खाली पाणी फार थंड असू शकते. अशा पाण्यात एकदम उडी मारली तर श्वास अनावर होतो आणि पहिल्याच मिनिटात नाकातोंडात पाणी जाते. चांगल्या पोहणाऱ्यांच्या बाबतीतही हे घडते. लाइफ जॅकेट घालून, काठावरून हळूहळू आत जावे आणि मोठ्या माणसाने हाताच्या अंतरावर असावे. भांडी आणि अंघोळ यांचा साबण, तो निसर्गात विघटन होणारा असला तरी, तळ्यापासून किमान साठ मीटर दूर वापरावा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. दुसरी जागा आत्ताच आरक्षित केली. मुलाला कारण समजावून सांगितल्यावर त्याने दोन थर्मामीटर न्यायचे ठरवले आहे, एक वर आणि एक पाण्यालगत ठेवण्यासाठी, आणि नाराजी कुठल्या कुठे गेली. वाटेत १,८०० मीटरवर एक रात्र थांबण्याची सोयही होते आहे.

एक शंका उरली आहे. दुसऱ्या जागेपासून संडास दीडशे मीटरवर आहे आणि वाट चढउताराची आहे. रात्री आईला तेवढे चालवणे मला धोक्याचे वाटते. याला काही उपाय आहे का? शिवाय टूथपेस्ट, मलम अशा वस्तूही पत्र्याच्या पेटीत ठेवायच्या असतात का?

प्रतिसाद १

दीडशे मीटर अंधारात चालवूच नका. बाजेखाली ठेवतात तसे झाकणाचे भांडे घ्या किंवा घडीची कमोड-खुर्ची गाडीत टाका. तंबूच्या मागे कपडे बदलण्यासाठी मिळतो तसा उभा, अरुंद तंबू लावला की आडोसा होतो. सकाळी ते संडासातच रिकामे करावे, झाडांत नव्हे. आईंना कपाळावर बांधायचा दिवा द्या, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतील, आणि तंबूच्या दोऱ्यांना पांढरी चिंधी बांधा. रात्री पडण्याचे सर्वांत नेहमीचे कारण या दोऱ्याच असतात. संडासाला जावे लागू नये म्हणून संध्याकाळपासून पाणी पिणे बंद करण्याची अनेक ज्येष्ठांना सवय असते. उंचीवर ते बरे नव्हे, तेव्हा तेवढे लक्ष ठेवा.

पेटीविषयी : होय, वास येणारी प्रत्येक वस्तू पेटीत. टूथपेस्ट, मलम, साबण, ओठांना लावायचे मेण, खाऊचे रिकामे वेष्टनसुद्धा. अस्वलाला आणि उंदराला आपला खाऊ आणि आपले मलम यांतला फरक कळत नाही. मुलाच्या जॅकेटचे खिसे झोपण्यापूर्वी तपासावेत. गाडीत अन्न ठेवायला परवानगी आहे की नाही हे तिथल्या फलकावर लिहिलेले असते. काही ठिकाणी त्याला सक्त मनाई असते, कारण अस्वले दार वाकवून उघडतात.

दोन्ही थर्मामीटरचे पहाटेचे आकडे इथे जरूर लिहा.