बारा देशांनी एकदम चलन बदललं तेव्हा दुकानात काय झालं?

हिशेबी
मी ज्युनिअर कॉलेजला अर्थशास्त्र शिकवतो. पुढच्या आठवड्यात युरोवर तास आहे. पुस्तकात १९९२चा मास्ट्रिक्ट करार आहे, १९९९ला युरो आला आणि २००२ला नोटा-नाणी आली एवढं आहे, आणि धडा संपतो. मुलं मात्र विचारणारच. २०१६ला आईबाबांसोबत बँकेपुढे उभं राहिल्याचं त्यांना चांगलं आठवतं. आपल्याकडे दोनच नोटा बदलल्या तर एवढे हाल, मग तिकडे बारा देशांनी अख्खं चलन कसं बदललं? कराराची कलमं मला मिळतील. मला गल्ल्यावरचं हवंय. त्या दिवसांत तिकडे कोणी होतं का?

रानजाई
सर, मी होते. जर्मनीत स्टुटगार्टला शिकत होते आणि पहाटे पाच ते दहा एका बेकरीत काउंटरवर उभी राहायचे.

सगळ्यात आधी, "एका रात्रीत" असं मुलांना सांगू नका. बदलाचा दर तीन वर्षं आधीच कायमचा बांधला होता: १ युरो म्हणजे १.९५५८३ मार्क, मार्क म्हणजे जर्मनीचं जुनं चलन. १ जानेवारी १९९९पासून शेअर बाजार आणि बँकाबँकांमधले व्यवहार युरोत होते, आपल्या हातात तेवढे मार्क. माझ्या खात्याच्या उताऱ्यावर दोन्ही आकडे यायचे, दुकानात पाट्यांवरही दोन्ही किमती. दोन मार्क म्हणजे एक युरो असा ढोबळ हिशेब चालत नव्हता. पुऱ्या सहा आकड्यांनी भागायचं आणि शेवटी सेंटला आणायचं, असा नियमच होता. म्हणजे ९९ फेनिगची (१०० फेनिगचा एक मार्क) वस्तू ५१ सेंटला.

१७ डिसेंबर २००१ला बँकांत नाण्यांच्या पिशव्या मिळायला लागल्या. २० मार्क द्यायचे आणि २० नाणी घ्यायची, १०.२३ युरोंची. वापरायला बंदी, १ जानेवारीपर्यंत फक्त बघायची. त्या सकाळी बँकेपुढे रांग होती, पण पोटापाण्याच्या काळजीची नव्हती. लोक पिशवी हातात पडल्या पडल्या तिथंच फोडून एकमेकांना नाणी दाखवत होते.

आमची खरी कसोटी २ जानेवारीला. कायद्याने मार्क ३१ डिसेंबरलाच संपला होता, पण दुकानं २८ फेब्रुवारीपर्यंत तो घेतील असं ठरलेलं होतं. मार्क घ्यायचे, सुट्टे युरोत द्यायचे. काउंटरखाली दोन गल्ले. गिऱ्हाईकाने १० मार्कांची नोट दिली की ती ५.११ युरो, २.०५चा पाव घेतला, परत ३.०६. हिशेब यंत्र करायचं, पण नाणी बोटांना सापडेनात. वर्षभर न बघता सुट्टे काढणारी मी, प्रत्येक नाणं डोळ्यांसमोर धरून बघायला लागले. मागे रांग दारापर्यंत. आणि प्रत्येकाला घरात साठलेली चिल्लर आमच्याकडेच खपवायची होती. जुन्या पैशांचा मोठा भाग बँकेत न जाता असा आमच्यासारख्या काउंटरवरूनच गोळा झाला, हे मुलांना जरूर सांगा. बँकांवरचा भार त्यामुळेच कमी झाला. शिवाय मार्क रद्दी होणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं. जर्मनीची मध्यवर्ती बँक मार्क आजही बदलून देते, मुदतच नाही.

आता एक आठवण. आमच्याकडे एक आजी यायच्या, दिसायचं जवळजवळ नाहीच. दोन पाव आणि लहानसा राय ब्रेड, पैसे बोटांनी मोजून अचूक द्यायच्या, कधी कुणाला पाकिटात हात घालू दिला नाही. त्या आठवड्यात त्या दहा वाजता, गर्दी ओसरल्यावर आल्या आणि नाण्यांची पिशवी माझ्यापुढे ठेवली. आम्ही कोपऱ्यातल्या उंच टेबलाशी उभ्या राहिलो. मी एकेक नाणं त्यांच्या तळहातावर ठेवायचे, त्या अंगठ्याचं नख कडेवरून फिरवायच्या. २ सेंटच्या कडेला मधोमध एक चर. २० सेंटला सात खाचा, फुलासारख्या. १ युरोची कड थोडी गुळगुळीत, थोडी रेघांची, पुन्हा गुळगुळीत. १० आणि ५० सेंट त्यांना सारखेच लागत होते, ते तीनतीनदा घेतले. मग २ युरो हातात आला आणि त्या थांबल्या. म्हणाल्या, याच्यावर अक्षरं आहेत, आमच्या दोन मार्कावर होती तीच. मी उजेडात धरून वाचलं. खरंच तीच, जर्मन राष्ट्रगीतातली: ऐक्य, न्याय आणि स्वातंत्र्य. मी तोवर जुन्या नाण्याची कड कधी पाहिलीच नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात त्या पुन्हा स्वतः मोजून द्यायला लागल्या. त्या कडा आपोआप तशा झालेल्या नव्हत्या. नाणी पाडायची तयारी झाल्यावर अंधांच्या संघटनेने आणि नाण्यांवर चालणाऱ्या यंत्रांच्या धंद्याने हरकत घेतली, म्हणून १० आणि ५० सेंटचं मोजमाप बदललं होतं. उशीर पत्करून बदललं, याचं मला आजही फार मोल वाटतं.

नाशिकरोडकर
रानजाई ताई, छान लिहिलंत. माझे वडील नोटांच्या प्रेसमध्ये होते, त्यामुळे मला छपाईचं जास्त अप्रूप. एकच नोट १५ छापखान्यांत छापायची आणि रंगात फरक दिसता कामा नये! एका छापखान्यातसुद्धा शाईचा लॉट बदलला की घोळ होतो, हे मी लहानपणापासून ऐकलंय. सुरुवातीलाच सुमारे १,५०० कोटी नोटा आणि ५,२०० कोटी नाणी लागली. कागद शुद्ध कापसाचा. नोटा मोठ्या होत जातात, पण त्या पहिल्या मालिकेत १००, २०० आणि ५००ची उंची सारखी होती, म्हणून २०० आणि ५००च्या कडेला हाताला लागतील अशा उठावाच्या रेघा दिल्या.

चित्रं ऑस्ट्रियाच्या रॉबर्ट कालिना यांची. खिडक्या, दरवाजे, पूल, आणि त्यातलं एकही खऱ्या जगात नाही. खरा पूल घेतला असता तर तो कुठल्या देशाचा यावरून भांडण. पुढे नेदरलँड्समधल्या स्पाइकेनिस गावाने ते सातही पूल खरोखर बांधले. नाण्यांची एक बाजू सगळ्यांची सारखी आणि दुसरी ज्या त्या देशाची.

सोनकी
पण महागाईचं काय? माझी मावशी तेव्हा मिलानला होती. ती आजही म्हणते, हजार लिराची (इटलीचं जुनं चलन) वस्तू एका युरोला झाली. दर तर एका युरोला १,९३६ लिरांचा होता.

रानजाई
मावशींचं खोटं नाही. आमच्याकडचा ५० फेनिगचा लहान पाव हिशेबाने २६ सेंटला पडायला हवा होता. उन्हाळ्यापर्यंत तो ३० झाला. पाटी मीच बदलली आणि बदलताना वाईट वाटलं, कारण विचारणारी माणसं रोजची. जर्मनीत त्याला शब्दच निघाला, 'तॉयरो'. तॉयर म्हणजे महाग. २००२चा वर्षाचा शब्द म्हणून तो निवडला गेला. युरोपच्या सांख्यिकी कार्यालयाने हिशेब केला तेव्हा एकूण महागाईत चलनबदलाचा वाटा ०.१ ते ०.३ टक्केबिंदूंच्या आसपास निघाला. फ्रिज, टीव्ही वाढले नाहीत. पाव, कॉफी, केस कापणं वाढलं, आणि माणूस रोज तेच विकत घेतो. सर, वर्गात दोन्ही सांगा. नुसती सरासरी सांगितली तर मावशींसारख्यांना खोटं पाडल्यासारखं होईल.

हिशेबी
ताई, तास तुम्हीच घेतलात. नाण्यांच्या कडांचं मुलांना डोळे मिटून करायला लावतो, आपलीच नाणी देऊन. बारानंतर पुढे आलेल्या देशांनीही असंच केलं का?

रानजाई
साधारण असंच, पण दोन चलनं शेजारी चालण्याचा काळ खूप कमी केला. क्रोएशियाने २०२३ला दोनच आठवडे ठेवला. १ जानेवारी २०२६ला बल्गेरिया आला, एकविसावा देश. त्यांचा दर वाचला आणि मी खुर्चीत सरळ झाले: १.९५५८३. त्यांचा लेव्ह एकेकाळी मार्काला एकास एक बांधलेला, म्हणून तोच आकडा. आमच्या काउंटरच्या आतल्या बाजूला, पिठाचे हात लागून मळलेल्या चिठ्ठीवर, चिकटवलेला होता तो.