वनलाइनर हा आळशी विनोद?

कडुनिंब:
काल एक लेख वाचला. म्हणे वनलाइनर हा आळशी माणसाचा विनोद: पात्र नाही, गोष्ट नाही, एक वाक्य फेकलं की झालं. डोकंच फिरलं! गोष्ट सांगणाऱ्याला रंग भरायला पाच मिनिटं मिळतात. इथे दहा-बारा शब्दांत प्रसंग उभा करायचा आणि शेवटच्या शब्दावर उलटवायचा. त्यापुढे एक शब्द जास्त पडला की हशा गेला. वर लेखक म्हणतो, हे सगळं अमेरिकन व्हॉडव्हिलचं, म्हणजे तिथल्या जुन्या विविधरंगी रंगमंचीय कार्यक्रमांचं अपत्य. 'फिलोगेलोस' या प्राचीन ग्रीक विनोदसंग्रहात बडबड्या न्हावी विचारतो, "केस कसे कापू?" गिऱ्हाईक म्हणतं, "गप्प बसून." त्याआधी ग्रीक लेखक प्लुटार्कने हेच उत्तर मॅसिडोनियाच्या आर्केलाओस राजाच्या तोंडी घातलंय. हे आळसातून सुचतं?

चिमटा:
जुनं आहे म्हणून चांगलं, हा कुठला न्याय? अमेरिकन विनोदवीर हेनी यंगमनला 'वनलाइनर्सचा राजा' म्हणतात आणि त्याचा सगळ्यात गाजलेला विनोद बायकोवरचा. माझ्या काकांना असले विनोद तोंडपाठ. पाहुणे जमले की काकूंसमोर तेच सुरू. सगळे हसायचे, काकू उठून आत जायच्या. त्याला कला म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

कडुनिंब:
काकांचा राग यंगमनवर कशाला? तो छापखान्यात काम करताना एका ओळीच्या विनोदांची कार्डं लिहायचा, तिथून मिल्टन बर्ल या विनोदवीराच्या नजरेत आला. मेहनतीने घडलेला माणूस आहे तो.

अर्धविराम:
बायकोवरच्या विनोदांबद्दल बोलताय तर फिलिस डिलर या अमेरिकन विनोदवीर बाईला का विसरता? तिने 'फँग' नावाचा काल्पनिक नवरा उभा केला आणि आयुष्यभर त्याची सालं काढली. तिचे 50 हजारांहून जास्त विनोद कार्डांवर टाइप करून विषयवार खणांत लावलेले होते. ते कपाट आज अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. आळशी म्हणणाऱ्याने ते बघून यावं.

चिमटा:
म्हणजे एका बाईने परतफेड केली, हिशेब मिटला? फँग काल्पनिक होता हो. काकू खऱ्या होत्या.

अर्धविराम:
तुम्हाला वाद जिंकायचाय, विनोद समजून घ्यायचा नाही. प्रत्येक प्रतिसादात काकू!

चिमटा:
हो, प्रत्येक प्रतिसादात. ज्याच्यावर हसलं जातं त्याचं कुणी विचारतच नाही म्हणून.

निवांत:
जरा थांबा दोघं. बायकोवरचे विनोद म्हणजे अख्खा वनलाइनर नव्हे. न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल्स डोंगरांतल्या हॉटेलांत हा प्रकार फोफावला. इतर अनेक हॉटेलं ज्यूंना दारात उभं करत नसत, म्हणून ते उन्हाळ्यात तिथे यायचे. अशा प्रेक्षकांसमोर उमेदवारी केलेला विनोदवीर रॉडनी डेंजरफील्ड पुढे 'मला कुणी मान देत नाही' म्हणत गाजला. त्याचा नेम बहुतेक वेळा स्वतःवरच होता. आणि 1980 च्या दशकात आलेला स्टीव्हन राइट ऐका. सपाट आवाज, चेहऱ्यावर रेषा हलत नाही, सगळी गंमत तर्क उलटा लावण्यात. माझे वडील आजारपणात फारसं बोलत नसत, लांब गोष्टीत त्यांचं लक्ष टिकत नसे. पण राइटचं एक वाक्य ऐकवलं की क्षणभराने ओठ हलायचे. तेवढी ताकद एका ओळीत असते.

चिमटा:
राइटपुरतं मान्य. तो कुणाला खाली पाडून हसवत नाही. यंगमनचा मुकुट मात्र मी मानणार नाही.

कडुनिंब:
नका मानू. 'आळशी' हा शब्द तेवढा मागे घ्या.

चिमटा:
तो शब्द त्या लेखकाचा. मी 'क्रूर' म्हटलं असतं, आणि अजून म्हणतो.