निक ड्रेकचं 'पिंक मून': ट्यूनिंग कोणतं? आणि हयातीत रेकॉर्ड का खपल्या नाहीत?

खुंटी: निक ड्रेकचं 'पिंक मून' गिटारवर बसवतोय. साध्या ट्यूनिंगमध्ये (तारा नेहमीच्या स्वरांत लावून) कॉर्ड बरोबर धरले तरी मूळ गाण्यासारखं घुमत नाही. सहावी तार सी-पर्यंत उतरवली तर खरखरते. नक्की काय लावायचं? आणि इतका चांगला गायक तेव्हा कुणाला माहीत कसा नव्हता?

मंद्र_सी: सहाव्या तारेपासून सी-जी-सी-एफ-सी-ई, कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) दुसऱ्या फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या दांडीवरच्या दुसऱ्या धातूच्या पट्टीवर. सहावी चार अर्धस्वर उतरवा. पाचवी, चौथी, तिसरी प्रत्येकी दोन. दुसरी एक अर्धस्वर चढवा. पहिलीला हात लावू नका. एकूण ताण घटला की आधी लावलेल्या तारा किंचित चढतात, म्हणून दुसरी फेरी हवीच.

खरखरीचं कारण बारीक तार. 0.053 इंचाची तार सी-वर लोंबते, 0.056 किंवा त्याहून जाड टाका. कॅपो फ्रेटच्या अगदी मागे, लागेल तेवढाच आवळा. सैल तार जोरात दाबली की बेसूर होते आणि लोक ट्यूनरला शिव्या घालतात.

काही जण कॅपो टाळून थेट डी-ए-डी-जी-डी-एफ शार्प लावतात. स्वर तेच, पण दुसरी तार तीन अर्धस्वर चढते. जुनी असेल तर गेलीच समजा.

बी_साइड: दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर याच ट्यूनिंगमध्ये आहे. ड्रेकच्या बऱ्याच गाण्यांना वेगवेगळं ट्यूनिंग, त्यामुळे मैफलीत दोन गाण्यांमध्ये तारा लावण्यातच वेळ जायचा. बोलायचा तर जवळपास नाहीच. पबमधले श्रोते तोवर गप्पांना लागत. पुढे त्याने मंचच सोडला, मुलाखतीही जवळजवळ दिल्या नाहीत. मग रेकॉर्ड खपवणार कोण?

जन्म 1948, रंगून, वाढला इंग्लंडमध्ये. केंब्रिज अर्धवट सोडलं. पहिला अल्बम 1969 चा, निर्माता जो बॉइड. दुसऱ्यात, 1971 साली, फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या ब्रिटिश फोक रॉक बँडची मंडळी ड्रम आणि बेसवर आहेत. फोक रॉक (लोकसंगीत आणि रॉकचा मेळ) ऐकायचं तर तिथून सुरुवात करा. तोही चालला नाही. नैराश्य वाढत गेलं. 1974 मध्ये, 26 व्या वर्षी, नैराश्यावरच्याच गोळ्यांच्या अतिमात्रेने गेला. 'पिंक मून' अनेकांनी पहिल्यांदा ऐकलं ते थेट 1999 च्या फोक्सवॅगनच्या जाहिरातीत!

खुंटी: आभार. 56 ची तार आणतो. रेकॉर्डिंगमध्ये दुसरी गिटार आहे का?

मंद्र_सी: नाही. 1971 च्या ऑक्टोबरमध्ये दोन रात्रींत, ध्वनिमुद्रक जॉन वुडसोबत अख्खा 'पिंक मून' अल्बम, म्हणजे त्याचा तिसरा, झाला. शीर्षकगीतात नंतर चढवलेला पियानो, बाकी त्याचा आवाज आणि एकच गिटार. अंगठा सैल सोडू नका, खालच्या तारांचा ठेका तोच धरतो.