आई युरोप टूरवर, बाबा घरी. घरबसल्या तिच्यासोबत प्रवास कसा करायचा?

चाफेकळी

नमस्कार मंडळी. आई तिच्या मैत्रिणींबरोबर ग्रुप टूरने युरोपला गेलीये, परवाच पॅरिसला पोचली. पॅरिस, ब्रसेल्स, अ‍ॅमस्टरडॅम, मग कोलोनवरून जर्मनीतून खाली स्वित्झर्लंड, एक रात्र इन्सब्रुक आणि शेवटी व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम, सगळं बसने. बाबांनाही जायचं होतं पण गुडघ्याचं ऑपरेशन झालंय त्यामुळे डॉक्टर नको म्हणाले, मग त्यांनीच आग्रह करून आईला पाठवलं. आता ते दिवसभर टॅबवर नकाशा उघडून बसतात आणि दर अर्ध्या तासाने मला विचारतात, आता कुठे असेल गं ती?

ग्रुपवर फोटो येतायत, भरपूर येतायत, पण सगळे तिघीजणी आणि मागे काहीतरी प्रसिद्ध असे. बाबांचं म्हणणं असं की टॉवर मला माहितीये, टॉवरपासून हॉटेलपर्यंत काय दिसलं ते मला हवंय. आणि ते मला पटतंय, कारण फोटोवर अंगठा टाकून प्रवासात असल्यासारखं वाटत नाही. पण आई तरी किती टाइप करणार, दिवसभर चालून रात्री पाठ टेकली की झोपते.

तर विचारायचं असं की तिला सारखे मेसेज करून त्रास न देता घरून हा प्रवास नीट कसा बघायचा? कोणी केलंय का असं? बाबा एकेकाळी सुट्टीत नकाशे काढत बसायचे, त्यामुळे जरा खोलातलं सांगितलंत तरी चालेल, उलट हवंच आहे.

---

रूळ_आणि_रस्ते

आधी टूरवाल्यांनी दिलेला रोजचा कार्यक्रम घ्या आणि त्यातली शहरं सोडून मधले रस्ते काढा. बसच्या टूरमध्ये निम्मा दिवस रस्त्यावर जातो आणि त्याचे फोटो कोणी काढत नाही, म्हणजे बाबांना जे हवंय ते नेमकं तिथेच आहे. बस बहुतेक ठिकाणी ताशी 100 च्या वर जात नाही, त्यामुळे हॉटेलमधून निघाल्याची वेळ कळली की कुठे असतील याचा अंदाज चांगला बांधता येतो.

त्यात एक गोष्ट धरायची. युरोपियन युनियनच्या नियमाप्रमाणे साडेचार तास गाडी चालवली की ड्रायव्हरला एकूण पाऊण तास विश्रांती घ्यावीच लागते, आणि दिवसाचं ड्रायव्हिंग साधारण 9 तासांवर जाऊन चालत नाही, आठवड्यातून दोनदाच 10 पर्यंत सूट असते. गाडीत टॅकोग्राफ नावाचं यंत्र असतं ते सगळं नोंदवतं, त्यामुळे टूर मॅनेजरला कितीही घाई असली तरी चालढकल होत नाही. बस हायवेवरच्या एखाद्या पेट्रोल पंपाशी बराच वेळ उभी दिसली तर काही बिघडलंय का म्हणून फोन करू नका, बहुतेक वेळा हेच असतं. माझा मोठा भाऊ अशा टूरवर असताना आमच्या घरी यावरूनच सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता.

वेळेचं म्हणाल तर उन्हाळ्यात पॅरिसपासून रोमपर्यंत सगळीकडे आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे. पॅरिसला जूनमध्ये सूर्य रात्री 10 च्या सुमाराला मावळतो आणि आयफेलचे लुकलुकणारे दिवे अंधार पडल्यावर तासाच्या ठोक्याला पाच मिनिटं लागतात, म्हणजे आई ते बघत असेल तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली असणार. बाबांना जागवू नका, व्हिडिओ सकाळी बघू दे.

---

पैलतीर

चाफेकळी, तुमच्या आईचा मार्ग वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. बाबांना नकाशे आवडतात ना, मग त्यांना शहरांची यादी बाजूला ठेवायला सांगा आणि एकच नदी धरायला सांगा, ऱ्हाईन. हॉलंडमध्ये तिचे फाटे होऊन ती समुद्राला मिळते, कोलोनला कॅथेड्रलच्या पायाशी तीच, बोटीची सफर तिच्यातच, स्वित्झर्लंडच्या सीमेवर शाफहाउझनजवळचा तो मोठा धबधबा तिचाच, आणि पुढे वाडुझला, म्हणजे लिश्टेनश्टाइन या छोट्या देशाच्या राजधानीला, थांबणार असतील तर त्या देशाची सीमा म्हणजे पुन्हा तीच. म्हणजे अ‍ॅमस्टरडॅम सोडल्यापासून आई नदीच्या मुखाकडून उगमाच्या दिशेने चाललीये. टूरच्या कागदावर हे कुठे लिहिलेलं नसतं आणि बसमधल्या बऱ्याच जणांच्या लक्षातही येत नाही.

आता खरी मजा. ऱ्हाईनच्या काठावर दर किलोमीटरला पांढऱ्या पाट्या असतात, त्यावर मोठा काळा आकडा, बोटींसाठी. मोजणी कॉन्स्टन्स शहरातल्या जुन्या पुलापासून सुरू होते, तिथे शून्य, आणि हॉलंडमध्ये समुद्राशी 1036 ला संपते. कोलोन साधारण 688, कोब्लेन्झला मोझेल नदी मिळते तिथे 592, लोरेलायचा कडा 554 च्या आसपास. बोटीतून काढलेल्या फोटोत मागच्या काठावर अशी पाटी सापडली की आई नेमकी कुठे उभी होती ते कळतं. आकडे कमी होत गेले तर बोट प्रवाहाच्या उलट चाललीये.

पण त्यासाठी फोटो धड पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवला की तो दाबून लहान होतो आणि कुठे काढला ती माहितीही गळून जाते. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जसाच्या तसा येतो, आणि कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर जागाही कळते. आईला एवढंच सांगा की बोटीवर काठाचे दोन चार फोटो काढ आणि हॉटेलच्या वायफायवर डॉक्युमेंट म्हणून पाठव. त्यात तिघीजणी नसल्या तरी चालतील.

त्या पट्ट्याबद्दल अजून थोडं. कोब्लेन्झ ते बिंगेन 65 किलोमीटरची दरी, 2002 पासून जागतिक वारशात, दोन्ही काठांवर रेल्वे, वर किल्ले, उतारावर द्राक्षांचे मळे, आणि कोब्लेन्झच्या पुढे माइन्झपर्यंत नदीवर एकही पूल नाही, पलीकडे जायचं तर फेरी. बाबांना उपग्रहाच्या नकाशावर पूल शोधायला लावा, अर्धा तास सहज जाईल.

---

टिपकागद

वरचं सगळं छान आहे पण मी थोडं वेगळं सांगते. माझी मुलगी फिरायला गेली होती तेव्हा मॅपवर तिचं लोकेशन कायम चालू होतं, ते बघता बघता ह्यांचं दुसरं काही बघणंच बंद झालं. ठिपका हलला नाही की काळजी, बॅटरी 12 टक्के दिसली की काळजी, रात्री 11 ला हॉटेलबाहेर दिसली की काळजी. मग आम्ही ठरवून टाकलं की एका गावाहून दुसऱ्या गावाला जाण्याच्या दिवशी लोकेशन चालू, शहरात फिरताना बंद. शहरात ती तिची तिची फिरू दे. तिलाही मोकळं वाटलं आणि आम्हालाही रोज नवीन रस्ता बघायला मिळायला लागला.

चाफेकळी, तुझी आई बहुतेक पहिल्यांदाच अशी घर मागे ठेवून निघालीये. तिने मैत्रिणींबरोबर एखाद्या चौकात तासभर नुसतं बसून राहावं आणि ते घरी कोणाला कळूही नये, हेही तिच्या वाट्याला यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आणि प्रश्न नेमके विचारा. जेवलीस का, थंडी आहे का, दमलीस का, याची उत्तरं सगळ्या आया एकच देतात. त्यापेक्षा आज बसच्या खिडकीतून शेतात काय लावलेलं दिसलं असं विचारलं की ती झोपता झोपता का होईना दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज करते. टाइप करायला लावूच नका. आम्ही ते सगळे मेसेज जपून ठेवलेत, आणि ह्यांनी ऐकून एका वहीत तारखेनुसार लिहून काढलेत.

---

चाफेकळी

अपडेट द्यायला आले. टिपकागद ताई, तुमचं ऐकून शहरात लोकेशन बंद ठेवायचं ठरलं. आईला फोनवर सांगितलं तर ती आधी नको म्हणाली, बाबा काळजी करतील म्हणे, मग बाबांनी स्वतः फोन घेऊन तिला बंद कर म्हणून सांगितलं. बरं वाटलं मला ते ऐकून.

आणि पैलतीर, पाटी सापडली!! आईने बोटीवरचे फोटो डॉक्युमेंट करून पाठवले, ती एकही फोटो पाठवायला विसरत नव्हती इतकी उत्साहात होती. बाबांनी एकेक मोठा करून बघितला आणि एकात नदीच्या उजव्या काठावर झाडीच्या खाली 566 स्पष्ट दिसलं, वर टेकडीवर शेजारी शेजारी दोन किल्ले. मग शोधलं तर ते श्टेरेनबेर्ग आणि लीबेनश्टाइन निघाले, भांडखोर भाऊ म्हणतात त्यांना, दोघांच्या मधे भिंत पण आहे. पुढच्या फोटोत आकडा 560 च्या जरा वर, त्यावरून बाबांनी काढलं की बोट बोपार्डहून निघून सेंट गोआरकडे, प्रवाहाच्या उलट. रात्री आईला विचारलं तर ती म्हणाली हो, बोपार्डच, पण तुम्हाला कोणी सांगितलं? बाबांचा चेहरा बघण्यासारखा होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनीच तिला काहीतरी सांगितलं, त्या किल्ल्यांची गोष्ट, ती बोटीवर स्पीकरवर जर्मनमधून चालली होती म्हणून तिला कळलीच नव्हती.

आता उद्या धबधबा, मग टिटलिसचा डोंगर, मग वाडुझवरून इन्सब्रुक. पुढचं काय बघायचं सांगा.

---

पैलतीर

वा, 566! फार आनंद झाला, बाबांना माझा नमस्कार सांगा.

धबधबा 150 मीटर रुंद आणि 23 मीटर उंच आहे. उंचीच्या मानाने काही नाही असं वाटेल, पण जूनमध्ये आल्प्सचा बर्फ वितळत असतो म्हणून पाणी भरपूर असतं, व्हिडिओ आवाजासकट मागवा. टिटलिसला वरचं स्टेशन 3020 मीटरवर आहे, शेवटच्या टप्प्यातली केबल कार गोल फिरत वर जाते. तिथे वेबकॅम आहेत. तिकडचे सकाळचे 8 म्हणजे आपले साडेअकरा, तेव्हा बघून ठेवलंत तर आईच्या आधी बाबांना कळेल की वर ऊन आहे का ढग. टिटलिसच्या एंगेलबेर्गकडच्या उताराचं पाणी लुत्सेर्नच्या सरोवरात जातं, तिथून रॉइस, मग आरे, मग ऱ्हाईन. आरे धबधब्याच्या खालच्या अंगाला येऊन मिळते, म्हणजे ते पाणी धबधब्यावरून जात नाही, पण बोपार्डवरून आणि कोलोनवरून नक्की जातं.

आणि पुढचे दोन दिवस बाबांनी अजिबात सोडू नयेत. वाडुझहून निघाल्यावर आर्लबेर्गचा डोंगर लागतो. बस 14 किलोमीटरच्या बोगद्यातून जाईल किंवा वरून घाटातून, काहीही झालं तरी तिथे पाणी बदलतं. डोंगराच्या अलीकडच्या बाजूला पडलेला पाऊस ऱ्हाईनला, म्हणजे उत्तर समुद्राला. पलीकडे पडलेला इन नदीला, तिथून डॅन्यूबला, म्हणजे थेट काळ्या समुद्राला. इन्सब्रुक त्या इनवरच आहे. दुसऱ्या दिवशी व्हेनिसला निघाले की शहराबाहेर 190 मीटर उंच युरोपा पूल लागतो, 1963 चा, आणि थोड्या वेळाने ब्रेनर खिंड, सुमारे 1370 मीटर. ती ओलांडली की पाणी पुन्हा बदलतं, आता अडिजे नदी आणि एड्रियाटिक समुद्र. दोन दिवसांत तीन समुद्रांची पाणलोट क्षेत्रं आणि आई खिडकीशी बसून ती ओलांडतीये. तिला आदल्या रात्रीच सांगून ठेवा म्हणजे तिथे झोपायची नाही. बोगद्यात ठिपका एका जागी थिजतो, घाबरू नका.

---

रूळ_आणि_रस्ते

एक राहिलं, आणि आजच बघा. स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही. आईने तिकडचं सिम घेतलं असेल तर 2017 पासून युनियनच्या देशांमध्ये रोमिंगचा जादा खर्च लागत नाही, पण स्वित्झर्लंड त्या नियमात धरलेलं नाही. इकडून पॅक मारून गेली असेल तरी देशांच्या यादीत स्वित्झर्लंड आहे का बघा. नसेल तर धबधब्यापासून वाडुझपर्यंत फक्त हॉटेलच्या वायफायवर बोलणं होईल, हे बाबांना आधी माहीत असू द्या आणि आईला डेटा रोमिंग बंद ठेवायला सांगा, बिल फार येतं.

आणि व्हेनिसला मोठ्या बस ट्रोन्केत्तो नावाच्या बेटावर थांबतात, त्याच्या पुढे गाड्यांना रस्ताच नाही. तिथून बोटीने सॅन मार्को चौकाकडे नेतात. मुख्य जमिनीवरून तिकडे जाताना जवळपास 4 किलोमीटरचा लांबच लांब पूल लागतो, रस्ता 1933 चा आणि शेजारचा रेल्वेचा पूल त्याहून खूप जुना, 1846 चा. आईला बसमध्ये कुठल्याही बाजूला बसली तरी दोन्हीकडे पाणी दिसेल, तेवढा एक व्हिडिओ मागवून ठेवा.