मतदानाचा हक्क नाही, पण बोलायला दोन-तीन मिनिटं आहेत: काउंटीच्या बजेट-सुनावणीत बोलायचं का?

गिल्बर्टकर

धागा काढायला कारण झाल्या आमच्या ओळीतल्या शेवटच्या घरातल्या मांजरवाल्या आजी. वय ७८, एकट्या राहतात. मागच्या जुलैत एका शनिवारी दुपारी त्यांचा एसी बसला. दुरुस्तीवाला म्हणाला, सोमवारी येतो. मी गेलो तेव्हा थर्मोस्टॅटवर ९४ फॅरनहाइट (३४ सेल्सिअस) आकडा होता आणि आजी ओला टॉवेल मानेवर टाकून, मांजर मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "आय अॅम फाइन." ओठ कोरडे पडलेले.

२११ या मदतीच्या नंबरला फोन केला, जवळच्या कूलिंग सेंटरचा, म्हणजे उन्हात लोकांना बसायला उघडलेल्या थंड जागेचा, पत्ता मिळाला. साडेपाचला पोचलो तर दाराला कुलूप. शनिवारी चारपर्यंतच. एका चर्चचा हॉल तो, स्वयंसेवक चालवतात, त्यांना कसला दोष द्यायचा? आजी दोन रात्री आमच्या सोफ्यावर झोपल्या. मांजरही आलं. लेकाला मांजराची अॅलर्जी, त्यामुळे त्याच्या शिंकांनी सगळं घर जागं.

आता नव्याने आलेल्यांसाठी थोडं. ॲरिझोनातल्या आपल्या मॅरिकोपा काउंटीत (म्हणजे फीनिक्स आणि आजूबाजूची गावं मिळून झालेला जिल्हा) २०२३ साली उन्हामुळे ६४५ माणसं गेली, २०२४ साली ६०८. हे काउंटीच्या आरोग्य विभागाचेच आकडे. २०२३ मध्ये फीनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइट (४३ सेल्सिअस) किंवा त्याच्या वर गेला होता. त्यातली एक रात्र अशी होती की पहाटेसुद्धा ९७ च्या (३६ सेल्सिअस) खाली उतरला नाही. दिवस मावळला की सुटलो ही आपली गावाकडची समजूत इथे उपयोगाची नाही. काँक्रीट आणि डांबर रात्रभर उष्णता ओकत असतं. आणि आपली बरीचशी सेंटरं ग्रंथालयात, सीनियर सेंटरात, चर्चमध्ये. त्यांच्या वेळा त्यांच्या. फीनिक्स शहराने २०२४ साली दोन जागा चोवीस तास आणि तीन रात्री दहापर्यंत उघड्या ठेवल्या. पण काउंटी म्हणजे फक्त फीनिक्स नाही. ४५ लाख लोक राहतात इथे.

यातला बराच खर्च कोविडच्या वेळच्या केंद्रीय मदतीतून चालला होता. ते पैसे कुठे लावायचे हे २०२४ संपायच्या आत ठरवायचं होतं आणि २०२६ संपायच्या आत खर्च करून टाकायचे आहेत. पुढे कोण देणार? काउंटीचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं. त्याआधी कच्चं बजेट, मग सुनावणी, मग पक्कं. निर्णय पाच सुपरवायझरांच्या हातात. जिल्हा परिषदच समजा, पण पाचच माणसांची.

आपल्यातले निम्मे एच-वन व्हिसावाले किंवा ग्रीन कार्डवाले, मतदान नाही. पण सुनावणीत बोलायला नागरिकत्व लागत नाही. माझा प्रस्ताव असा: दहा-बारा जणांनी जायचं आणि प्रत्येक सुपरवायझरच्या मतदारसंघात जून ते सप्टेंबर निदान एक सेंटर रात्रभर उघडं ठेवा अशी मागणी करायची. कोण येतंय?

स्कॉट्सडेलचे जोशी

असहमत. आणि आधीच सांगतो, मी दगडाच्या काळजाचा नाही.

६४५ हा आकडा सगळे फेकतात, त्याचाच अहवाल पुढे कोणी वाचत नाही. जवळपास निम्मे बेघर. साधारण दोनतृतीयांश प्रकरणांत अंमली पदार्थ, त्यातही मेथ (मेथॲम्फेटामीन) जास्त. हा प्रश्न उन्हाचा कमी आणि नशेचा जास्त आहे. रात्रभर हॉल उघडा ठेवायचा तर सुरक्षारक्षक, सफाई, विमा, सगळं आलं. तो खर्च माझ्या प्रॉपर्टी टॅक्समधून. आजींचा प्रश्न तुम्ही सोफ्यावर सोडवलात ना? तेच उत्तर आहे. शेजारधर्म.

शिवाय गिल्बर्टला टाउन कौन्सिल आहे, तिकडे जा. काउंटीकडे तुरुंग, कोर्टं, निवडणुका, शवचिकित्सा एवढं सगळं आधीच आहे.

आणि दहा-बारा जण? मंडळाच्या गणपतीला खुर्च्या उचलायला चार माणसं मिळत नाहीत. सुनावणीला बारा कुठून आणणार?

रात्रपाळी

जोशी, खुर्च्यांचं सोडा, नशेबद्दल बोलू. मी इमर्जन्सीत काम करते.

मेथने शरीराचं तापमान वाढतं, तहान-दमणूक कळत नाही. बरोबर. म्हणून तर ऊन त्याला आधी गाठतं. "नशा की ऊन" असा खटला आमच्याकडे उभाच राहत नाही, दोन्ही एकाच स्ट्रेचरवर येतात. फीनिक्सचं अग्निशमन दल २०२४ पासून माणसाला बर्फ-पाण्याच्या पिशवीत घालूनच आणायला लागलं, कारण रुग्णालयात पोचेपर्यंत थांबलं तर मेंदू भाजतो. पिशवीची चेन उघडली की बर्फाचं पाणी बुटात जातं. जुलैत मी मोज्यांची जादा जोडी ठेवते.

आणि सगळे काही नशेबाज नसतात. पार्किंगमध्ये पाय घसरून पडलेल्या सत्तरीच्या बाई येतात. दुपारी डांबर १६० फॅरनहाइटच्या (७० सेल्सिअस) घरात असतं. स्वतःहून उठता आलं नाही तर काही मिनिटांत कातडी जाते. कुणीतरी येऊन उठवेपर्यंतचा वेळ, बस्स. तुमचे आई-बाबा व्हिसावर येणार असतील तर त्यांना मॉलमध्ये फिरवा, रस्त्यावर नको.

अकोल्याचा_अभय

बाबांचा विषय निघालाच म्हणून.

आमचे बाबा मेच्या शेवटी आले. "आम्हाले ऊन नवं आहे का? अकोल्यात सत्तेचाळीस पाहेलं." मी म्हटलं, पाहेलं असंन, पण पडदे लावून पाहेलं. संध्याकाळी सहाला रबरी चप्पल घालून फिरायला गेले. दहा मिनिटांत परत. चप्पल दारातच टाकली आणि सरळ बाथरूममध्ये जाऊन पाय बादलीत. नंतर शांतपणे म्हणाले, "तो शेजारचा कुत्रा बूट घालून हिंडते, मले वाटलं श्रीमंताचे चोचले."

फरक मला असा दिसतो. अकोल्यात दुपारी बाजार ओस पडतो. जाड भिंतींचं जुनं घर, वाळ्याची ताटी, कूलर, माठ, चौकात पाणपोई. सगळ्या गावाला माहीत असतं की एक ते पाच बाहेर पडायचं नाही. इथलं घर एसीच्या भरवशावर बांधलेलं. एसी गेला की तो डबा. आणि कूलर म्हणाल तर जूनमध्ये झकास चालतो, जुलैत इथला मान्सून आला आणि हवा दमट झाली की नुसता ओला वारा. त्यात धुळीचं वादळ येऊन वीज गेली तर विचारूच नका.

पण सुनावणीवर माझा विश्वास नाही. ग्रामसभा पाहिल्या आहेत, कोरम भरत नाही आणि मग रजिस्टर घरोघरी फिरतं. सरकार हलतं ते माणसं मेल्यावर. अहमदाबादला २०१० मध्ये उष्णतेच्या लाटेत माणसं गेली, मग २०१३ मध्ये देशातला पहिला हीट अॅक्शन प्लॅन आला. खारघरला १६ एप्रिल २०२३ ला भर उन्हात उघड्या मैदानावर सोहळा झाला, १४ जण गेले, तेव्हा कुठे दुपारच्या खुल्या कार्यक्रमांवर बंदीचा आदेश निघाला.

सई_चँडलर

अभय, तुझंच उदाहरण तुझ्यावर उलटतं, पण ते नंतर. आधी गिल्बर्टकरांशी भांडते.

तुम्ही चुकीची गोष्ट मागताय. तुमच्या आजी त्या हॉलमध्ये रात्री राहिल्या असत्या का? मांजर कुठे ठेवणार होत्या? कॉटवर, अनोळखी माणसांत, औषधांची डबी उशाला घेऊन? उन्हाळ्यात घरात जे लोक जातात त्यांच्यातल्या बहुतेकांकडे एसी असतो. तो बंद पडलेला असतो किंवा बिलाच्या भीतीने लावलेला नसतो. त्यातही मोबाइल होमवाले फार, म्हणजे पार्कात भाड्याच्या जागेवर उभ्या केलेल्या तयार घरांत राहणारे. २०२४ साली राज्याला कायदा करावा लागला की पार्कच्या मालकाने भाडेकरूला खिडकीत एसी बसवायला अडवायचं नाही. म्हणजे त्याआधी अडवत होते! पैसा मागायचाच तर एसी दुरुस्तीला मागा. कमी उत्पन्नाच्या घरमालकांना अशी मदत काउंटीकडून मिळते, पण आपल्या ओळखीत किती जणांना माहीत होती?

आता सुनावणी. मी एकदा एका सभेत बोलले आहे, कुठल्या ते महत्त्वाचं नाही. सुट्टी काढून, कुर्त्याला इस्त्री करून गेले. बोलायचंय म्हणून नावाची स्लिप भरली. दोन मिनिटं दिली होती, माझं नमस्कार-चमत्कारातच अर्धं गेलं. घंटा वाजली. समोरच्यांनी चेहरा दगडासारखा ठेवून "थँक यू" म्हटलं. फार अपमान वाटला. नंतर कळलं की ॲरिझोनाच्या खुल्या सभांच्या कायद्याप्रमाणे अजेंड्यावर नसलेल्या विषयावर ते चर्चा करूच शकत नाहीत. फार तर टीकेला उत्तर देता येतं, कर्मचाऱ्यांना माहिती घ्यायला सांगता येतं किंवा विषय पुढच्या अजेंड्यावर घेता येतो. मी जागा चुकले होते, एवढंच.

बजेटच्या सुनावणीत तसं नसतं, कारण बजेट हाच विषय. फक्त अजेंडा २४ तास आधी लावला तरी कायद्याला चालतो, म्हणून डोळा ठेवून बसावं लागतं.

आणि अभय, माणसं मेल्यावर सरकार हलतं हे खरं, पण आपोआप हलत नाही. २०१८ मध्ये इथेच सन सिटी वेस्टमध्ये ७२ वर्षांच्या बाईंची वीज सप्टेंबरच्या उन्हात तोडली. थकबाकी ५१ डॉलर. त्या घरात मेल्या. लोकांनी तो विषय धरून ठेवला, वीज कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या कमिशनसमोर येऊन बोलले, आणि त्यानंतर १ जून ते १५ ऑक्टोबर वीज तोडायला मनाई आली.

स्कॉट्सडेलचे जोशी

सईताई, तुम्ही माझंच म्हणणं मांडलंत. ती मनाई राज्याच्या कॉर्पोरेशन कमिशनने आणली, काउंटीने नव्हे. आणि सगळ्या वीज कंपन्या त्यांच्या अखत्यारीत येतही नाहीत. दार बरोबर नसेल तर कितीही वाजवा.

एसी दुरुस्तीला मदत हे मात्र मला पटतं. त्याचा हिशेब लागतो: एक घर, एक युनिट, एक बिल.

पण दुसरी एक गोष्ट कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. व्हिसावरच्या पोरांना तुम्ही कॅमेऱ्यासमोर उभं करताय. स्लिपवर नाव, गाव, रेकॉर्डिंग कायमचं. सध्याच्या हवेत मी माझ्या भाच्याला तरी पाठवणार नाही. हक्क आहे हे मान्य. त्याची किंमत कोण मोजणार?

भाड्याचं_घर

तात्त्विक चर्चा चालू द्या, मध्येच कामाचं एक. फीनिक्स शहरात भाड्याने राहत असाल तर मालकाने घर ८२ फॅरनहाइटपर्यंत थंड ठेवलं पाहिजे, कूलर असेल तर ८६. एसी बिघडला तर फोनवर गयावया करू नका, लेखी नोटीस द्या, तारीख घाला. जिवावर बेतणाऱ्या बिघाडाला राज्याच्या कायद्यात पाच दिवसांची मुदत आहे. आमचा मालक चार दिवस "पार्ट येतोय" म्हणत होता. कागद पोचला आणि संध्याकाळी पार्ट आला.

रात्रपाळी

पाच दिवस! जुलैत!

अकोल्याचा_अभय

सई, ५१ डॉलरवाला मुद्दा लागला. तरी मी सुनावणीला येत नाही. त्यापेक्षा आमच्या सोसायटीत मी एक यादी केली आहे: एकट्या राहणाऱ्यांची नऊ घरं. ११० च्या वर गेलं की सकाळी आठ आणि रात्री आठ असा फोन. बाबांनी ते काम अंगावर घेतलंय. इंग्रजी तोडकंमोडकं, पण "कूल? कूल?" एवढं विचारतात आणि समोरचा हसला की टिकमार्क. दोन अमेरिकन आजोबा आता त्यांनाच उलटा फोन करतात.

गिल्बर्टकर

दोन दिवस कामात होतो, आता सगळं वाचलं.

सई, मागणी बदलतो. मांजराचा मुद्दा माझ्या डोळ्यासमोर दोन रात्री शिंकत होता तरी मला दिसला नाही. आधी एसी दुरुस्ती, त्यातही शनिवार-रविवारची तातडीची. पण रात्रीचं सेंटर सोडत नाही. ज्याला घरच नाही त्याच्या घरात एसी दुरुस्त कसा करणार? जोशी, निम्मे बेघर हा तुमचाच आकडा. तो तुम्ही खर्च टाळायला वापरलात, मी करायला वापरतो.

व्हिसाचं मात्र तुमचं बरोबर आहे. मी घाईत लिहिलं. कोणी कोणावर भरीस घालायचं नाही. ज्यांना उभं राहायचं नाही त्यांनी लेखी म्हणणं द्यावं किंवा नुसतं येऊन बसावं. तेही नको तर अभयच्या यादीसारखी यादी करा. आमच्या ओळीत मी काल सुरुवात केली. चौथ्या घरात कोण राहतं हे मला सहा वर्षांत माहीत नव्हतं.

आणि एक. काल आजींना सहज सांगितलं की तुमच्याबद्दल बोलायला जाणार आहे. त्या म्हणाल्या, "माझ्याबद्दल तू का बोलणार? माझं मी बोलेन, मला मतही आहे." १९८० च्या दशकापासून इथे मत देतायत म्हणे, पण सुनावणीला कधी गेल्या नाहीत, कारण हायवेवर गाडी चालवायची भीती वाटते. तर मी ड्रायव्हर. सई, स्लिप भरायला किती आधी पोचावं लागतं?

सई_चँडलर

अर्धा तास. सावलीतलं पार्किंग हवं असेल तर पाऊण. आणि त्यांना सांगा, नमस्कार-चमत्कार नको, पहिल्या वाक्यात ९४ चा आकडा.

स्कॉट्सडेलचे जोशी

रात्रीच्या सेंटरला माझा विरोध कायम आहे, नोंद घ्यावी.

त्या दिवशी मांजर कुठे ठेवणार? आमच्याकडे कोणाला अॅलर्जी नाही.